वजनदार माणसाचा पीएसए: ‘चारच्या आत’ म्हणजे नक्की किती?

प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचा अंदाज घेणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीच्या फॉर्मवर नाव असतं, वय असतं, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव असतं. वजन कुणी विचारत नाही. कोल्हापुरात लॅबमध्ये काम करताना मला हे नेहमी खटकतं, कारण इथे एकाच बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या दोन साठीच्या माणसांत ४० किलोंचा फरक सहज असतो. एक मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा उचलून वाळलेला. दुसरा तरुणपणी तालमीत घुमलेला. जोर-बैठका सुटून तीस वर्षं झाली, खुराक मात्र अजून चालूच. दोघांचं रक्त सारख्याच पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये जातं, एकाच मशीनवर चढतं, आणि दोघांच्या रिपोर्टवर तीच ओळ छापून येते: सामान्य पातळी ० ते ४.

हा ४ दोघांसाठी खरोखर एकच आहे का? नाही. फरक मोठा नाही, पण काही माणसांच्या बाबतीत तो नेमका नको तिथे पडतो.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. वीर्य पातळ ठेवणं हे या प्रथिनाचं काम, त्यामुळे ते मुख्यतः वीर्यातच जातं. थोडंसं रक्तात झिरपतं, आणि आपण मोजतो ते हे झिरपलेलं. ग्रंथीत कॅन्सर असेल तर तिची आतली रचना बिघडते आणि झिरपणं वाढतं. पण वयानुसार ग्रंथी नुसती वाढली, तिला सूज आली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरीही ते वाढतं. म्हणून वाढलेला पीएसए म्हणजे कॅन्सर असं समीकरण नाही. उलटही खरं नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, पीएसए ४ किंवा त्याखाली असलेल्या आणि बोटाने केलेल्या तपासणीतही काही न सापडलेल्या सुमारे ३,००० पुरुषांची बायोप्सी केली, तेव्हा १०० पैकी १५ जणांत कॅन्सर निघाला. त्यातले बरेचसे संथ होते, सगळे नव्हते.

मशीन काय मोजतं?

ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात, मध्ये जेलचा थर येतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. मशीन या पिवळ्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम पीएसए आहे ते सांगतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा हे प्रमाण आहे. तुमच्या प्रोस्टेटने एकूण किती पीएसए रक्तात सोडलं, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

उसावर फवारणी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. १६ लिटरच्या पंपाला दोन टोपणं औषध लागत असेल आणि तीच दोन टोपणं कुणी २० लिटरच्या पंपात ओतली, तर औषध तेवढंच गेलं, पण फवारा पातळ झाला. धडधाकट, जाडजूड देहात रक्त जास्त असतं. रक्तातला तो पिवळा पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, तोही जास्त. प्रोस्टेट मात्र देहाबरोबर त्याच हिशेबाने वाढत नाही. मग तेवढंच पीएसए जास्त प्लाझ्मामध्ये पसरतं आणि दर मिलिलिटरमागचा आकडा खाली येतो.

हिशेब करून बघूया. उंची आणि वजनावरून शरीराचं पृष्ठफळ काढता येतं आणि त्यावरून प्लाझ्माचा अंदाज बांधता येतो. उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट सात इंच, आणि वजन ६५ किलो असलेल्या माणसात साधारण २.९ लिटर प्लाझ्मा निघतो. त्याच उंचीच्या १०५ किलोच्या माणसात ३.६ लिटर. वजन दीडपटीहून जास्त झालं, पण प्लाझ्मा साधारण २२-२३ टक्क्यांनीच वाढला, हेही लक्षात घ्या. आता पहिल्याचा पीएसए बरोबर ४ आहे असं धरू. त्याच्या सगळ्या प्लाझ्मामध्ये मिळून साधारण १२ मायक्रोग्रॅम पीएसए आहे, म्हणजे ग्रॅमचे जेमतेम १२ दशलक्षांश. तेवढंच पीएसए दुसऱ्याच्या अंगात असेल तर त्याच्या रिपोर्टवर ३.३ येईल.

पहिल्याच्या रिपोर्टवर आकडा अगदी काठावर, तो यूरॉलॉजिस्टकडे जाणार. दुसऱ्याचा ‘नॉर्मल’, तो दसरा चौकात मिसळ खाऊन घरी जाणार. दोघांच्या प्रोस्टेटमधून झिरपतंय मात्र तेवढंच.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. २००७ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या १३,००० हून अधिक पुरुषांची माहिती त्यात तपासली होती. ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३५ किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात प्लाझ्मा २१ ते २३ टक्क्यांनी जास्त आणि पीएसएचं प्रमाण ११ ते २१ टक्क्यांनी कमी निघालं. प्रमाणाला प्लाझ्माने गुणून एकूण पीएसए काढलं, तर बारीक आणि जाड माणसांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे पातळ होण्याचाच भाग मोठा. आपल्या १०५ किलोवाल्याचा बीएमआय ३६ च्या आसपास येतो, तेव्हा वरचा हिशेब याच्याशी जुळतो. त्याआधी २००५ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या २,७०० हून जास्त पुरुषांत, ज्यांना कॅन्सर नव्हता अशांत, हेच दिसलं होतं: सामान्य वजनाच्या गटात सरासरी पीएसए १.०१, आणि बीएमआय ४० च्या वर असलेल्यांत ०.६९.

चरबीचा वेगळा हिशेब

पातळ होण्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती फक्त चरबीमुळे. प्रोस्टेटमध्ये पीएसए तयार होण्याचा हुकूम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन देतं. पोटावरच्या चरबीत एक एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, करत राहतं. लठ्ठ पुरुषांत टेस्टोस्टेरॉन सरासरीने कमीच असतं. हुकूम ढिला पडला की माल कमी निघतो. मधुमेह असलेल्या पुरुषांतही पीएसए सरासरीने थोडा कमी दिसतो. पोट आणि साखर ही जोडी आपल्याकडे किती घट्ट आहे, ते लॅबवाल्याने कशाला सांगायला हवं!

पैलवानाचं शरीर बीएमआयच्या तक्त्यात लठ्ठ ठरतं, तरी ते स्नायूंचं असतं. त्याच्या अंगात प्लाझ्मा जास्तच असणार, त्यामुळे पातळ होण्याचा नियम त्यालाही लागू. चरबीचा नियम मात्र लागू नाही, निदान खासबाग मैदानात उतरत होता तोवर तरी. तालीम सुटल्यावर स्नायू उतरतात, त्यांच्या जागी चरबी चढते, वजनाचा काटा जागचा हलत नाही. अशा माणसाला दोन्ही नियम लागू होतात. एका तालमीचे वस्ताद आमच्याकडे येतात, वय सदुसष्ट, वजन ११० च्या पुढे. रिपोर्ट हातात घेऊन मला म्हणाले, “पोरा, चारच्या आत हाय न्हवं? मग झालं की.” त्यांचा आकडा ३.४ होता. मी म्हटलं, “वस्ताद, आत आहे, पण तुमच्या अंगात रक्त जास्त, त्यानं आकडा पातळ दिसतोय. हा कागद एकदा डॉक्टरांना दाखवा.” ते हसले. “रक्त जास्त म्हणतोस? लेका, ते तर आम्ही कमावलंय.”

त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं.

मग आकडा सुधारून वाचायचा का?

इथे घाई करू नये. वजनानुसार पीएसए दुरुस्त करण्याची सूत्रं संशोधकांनी सुचवली आहेत, पण रोजच्या उपचारात कुठलंही सूत्र सगळ्यांनी स्वीकारलेलं नाही. रिपोर्टला स्वतःच २० टक्के जोडून घाबरायचं काही कारण नाही.

माझ्या मते वजनाचा हा फरक एका अरुंद पट्ट्यातच कामाचा आहे. पीएसए ०.८ असेल तर तो पातळ होण्याआधी १ असेल. त्याने काही बदलत नाही. १५ असेल तर वजन ५० असो की १५०, पुढची तपासणी ठरलेलीच. प्रश्न येतो तो साधारण अडीच ते चारमध्ये अडकलेल्या, चांगल्याच वजनदार माणसाचा. तिथे ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून फाइल कपाटात टाकणं मला पटत नाही. ८५ किलोच्या माणसात हाच हिशेब ४ चा ३.६ करतो. तेवढा फरक इतर चढउतारांत बुडून जातो, कारण एकाच माणसाचा पीएसए काहीही कारण नसताना एका तपासणीतून दुसऱ्या तपासणीत १५-२० टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो.

वजनदार माणसाच्या बाबतीत काळजी थोडी जास्त का, यालाही कारण आहे. लठ्ठ पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर सरसकट जास्त होतो असं नाही. पण पुढच्या टप्प्यात गेलेल्या आणि जीवघेण्या कॅन्सरचा धोका त्यांच्यात जास्त आढळतो. काही भाग शरीरातल्या बदलांचा असेल, काही उशिरा कळण्याचा. पीएसए पातळ दिसतो, बोटाने तपासताना जाड शरीरात ग्रंथीपर्यंत नीट पोहोचता येत नाही, आणि ग्रंथी मोठी असेल तर बायोप्सीच्या सुईलाही गाठ चुकू शकते. तिन्हींचा कल एकाच बाजूला.

वजनापेक्षा मोठे घोळ

खरं सांगायचं तर वजनापेक्षा मोठा गोंधळ एक गोळी घालते. लघवीची धार बारीक झाली की बऱ्याच जणांना टॅम्सुलोसिन सुरू होतं. ते एकटं असेल तर पीएसएला धक्का लागत नाही. पण पुष्कळदा त्याच गोळीत ड्युटास्टेराइडही असतं. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवर २.५ दिसला तरी तो ५ धरून वाचायचा. केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या कमी ताकदीच्या फिनास्टेराइडनेही हेच होतं, आणि ती गोळी चालू आहे हे लोक सांगतच नाहीत. कधी लाजेने, कधी ते औषध आहे असं वाटतच नाही म्हणून. आता कल्पना करा: १०५ किलो वजन, ड्युटास्टेराइड चालू आणि रिपोर्टवर ‘फक्त’ २. गोळीचा हिशेब धरला तर ४, त्यावर वजनाचा धरला तर ५ च्या जवळ. हा माणूस लॅबच्या पायऱ्या आनंदात उतरतो.

दुसरा घोळ लॅब बदलण्याचा. पीएसए मोजायची किट दोन वेगवेगळ्या मापकांवर बेतलेली असतात, आणि एकाच रक्ताच्या आकड्यात त्यामुळे २० ते २५ टक्क्यांचा फरक पडू शकतो. वजनाने पडतो तेवढाच! गेल्या वर्षी कोल्हापुरात तपासलं, यंदा मुलाकडे पुण्याला गेलो तेव्हा तिथल्या पॅकेजमध्ये करून घेतलं, आणि आकडा वाढला म्हणून झोप उडाली, असे लोक येतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासावं. लघवीत जळजळ असेल, ताप येऊन गेला असेल, नुकतीच लघवीची नळी घातली असेल, तर पीएसए करूच नये. संसर्ग बरा होऊन काही आठवडे जाऊ द्यावेत. तपासणीच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि लांबची सायकल स्वारी टाळावी. उपाशीपोटी येण्याची गरज नाही, तरी निम्मे लोक उपाशी येतात आणि चिडचिड करतात.

काठावरचा आकडा वाचायला वजनापेक्षा जास्त उपयोगी पडणारी गोष्ट बहुतेकांच्या घरात आधीच पडलेली असते: पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. त्यात प्रोस्टेटचं आकारमान ग्रॅममध्ये किंवा सीसीमध्ये लिहिलेलं असतं. पीएसएला त्या आकड्याने भागायचं. ३.३ पीएसए आणि ग्रंथी ६० सीसी असेल तर उत्तर येतं ०.०५५. मोठी ग्रंथी आहे, तिचं थोडं जास्त झिरपणारच, काळजी कमी. तोच ३.३ आणि ग्रंथी अवघी २० सीसी असेल तर उत्तर ०.१६५. एवढ्याशा ग्रंथीतून एवढं झिरपतंय म्हणजे काहीतरी बघायला हवं. ०.१५ च्या वर गेलं की यूरॉलॉजिस्टच्या भुवया उंचावतात. आणि वजनदार माणसात हे उत्तरही थोडं पातळ झालेलं असतं, हे ध्यानात ठेवायचं. पुढची पायरी म्हणून हल्ली बायोप्सीच्या आधी एमआरआय करतात, त्यामुळे संशय आला की लगेच सुई, असं राहिलेलं नाही.

तपासावंच का?

आपल्याकडे तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधायला सरकारी मोहीम आहे. प्रोस्टेटसाठी तशी नाही. तरीही पन्नाशीनंतरच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये पीएसए बिनबोभाट घुसलेला असतो, आणि माणसाला तो केल्याचं कळतं ते रिपोर्टवर ठळक अक्षरं दिसल्यावर. मला हे गैर वाटतं. या तपासणीचा फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे. युरोपातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासाचा २३ वर्षांचा निकाल २०२५ मध्ये आला. तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. दुसऱ्या बाजूला, आयुष्यभर त्रास न देणारे संथ कॅन्सरही सापडतात, आणि त्यांच्या उपचाराने लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. म्हणून अमेरिकेची अधिकृत शिफारस ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा अशी आहे, आणि सत्तरीनंतर ही तपासणी नेमाने करू नका अशी. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झालाय त्यांचा धोका साधारण दुप्पट, त्यांनी हे बोलणं आधीच सुरू करावं.

ज्यांनी तपासायचं ठरवलं, त्यांच्या बाबतीत एका आकड्यापेक्षा वर्षावर्षाचा कल जास्त बोलतो. वजनाची खरी गंमत इथेच आहे, कारण माणसाचं वजन दर वर्षी तेच नसतं. शुगर निघाल्यावर रंकाळ्याला फेऱ्या सुरू करून कुणी १०५ वरून ८५ वर आला, तर आपल्या हिशेबाप्रमाणे त्याचा ३.३ काहीही न बिघडता ३.६ होईल. इतकी मेहनत घेऊन पीएसए वाढला म्हणून तो वैतागेल, पण ही वाढ वजन उतरल्याची असू शकते. अर्थात, ३.३ चा ५ झाला तर त्याचं खापर वजनावर फोडता येणार नाही. उलटी गोष्ट जास्त धोक्याची. निवृत्तीनंतर माणूस ८५ चा १०५ झाला आणि दोन्ही वेळा पीएसए ३.५ च आला, तर घरचे म्हणतील, बरंय, वाढला नाही. पण जास्त प्लाझ्मामध्ये पसरूनही आकडा तेवढाच राहिलाय, म्हणजे झिरपणं जवळपास १० टक्क्यांनी वाढलंय. एवढ्या एका गोष्टीवरून कुणी बायोप्सी करणार नाही, करूही नये. पण पुढची तपासणी दोन वर्षांनी करायची की सहा महिन्यांनी, हे ठरवताना यूरॉलॉजिस्टला ते वाढलेले २० किलो माहीत असलेले बरे.